अंगठीनं ओढायचं की तीन बोटांनी? पारंपरिक धनुर्विद्येतले शब्द आणि सामान

प्रश्न थोडक्यात असा आहे: ओढायला ४० पाउंड जोर लागणारं फायबरग्लासचं हॉर्सबो, म्हणजे घोडेस्वारी धाटणीचं आखूड धनुष्य, घेतलंय, सोबत अंगठ्यात घालायची रिंग आलीय, बाण मात्र लाँगबोवाल्यांचे, म्हणजे इंग्लिश धाटणीचं लांब धनुष्य तीन बोटांनी ओढणाऱ्यांचे, व्हिडिओ बघून धनुष्याच्या डाव्या बाजूला लावतोय आणि ओढताना बाण सारखा घसरून खाली पडतोय. शिवाय सियाह, खतरा, झिहगीर, फिस्टमील, स्पाइन, युगाके असले शब्द वाचून डोकं भंजाळलंय, तर यातलं कामाचं काय आणि नुसतं मिरवायचं काय.

बाण का पडतो ते आधी सांगतो, कारण ते एका ओळीचं काम आहे. अंगठ्यानं ओढताय ना, मग बाण उजव्या बाजूला घ्या. उजव्या हातानं ओढणारा डाव्या हातात धनुष्य धरतो, तेव्हा बाण त्या डाव्या हाताच्या अंगठ्यावर टेकला पाहिजे. तीन बोटांनी ओढणारा बाण डाव्या बाजूला, तर्जनीच्या पेरावर टेकवतो. डावखुरे असाल तर सगळं आरशात बघितल्यासारखं उलटं.

आता हे असं का. अंगठा दोरीभोवती वळला की तर्जनी त्याच्या नखावर येऊन बसते आणि कुलूप लागतं. त्या तर्जनीची बाजू बाणाच्या खाचेपाशी हलकी टेकते आणि बाणाला उजवीकडून डावीकडे, म्हणजे धनुष्याकडे दाबून ठेवते. त्यामुळे घोडा उधळला काय, तुम्ही वाकलात काय, बाण जागचा हलत नाही. तीन बोटांच्या पकडीत हा दाब, म्हणजे पीळ, नेमका उलट्या बाजूला बसतो, म्हणून तिथे बाण डावीकडे. तुम्ही दोन्हीचं अर्धंअर्धं घेतलंत, पीळ इकडचा आणि बाण तिकडचा, मग बाण पडणारच, त्यात तुमच्या हाताचा काही दोष नाही. माझं तर असं मत झालंय की या खेळात नवशिक्यांच्या ऐंशी टक्के तक्रारी अशाच असतात, एका परंपरेचं सामान आणि दुसऱ्या परंपरेची सवय. म्हणून शब्द पाठ करण्यापेक्षा प्रत्येक शब्द कुठल्या पकडीच्या घरातला आहे ते बघा, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

या पकडींना आज जी नावं आहेत ती एडवर्ड मोर्स नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १८८५ मध्ये केलेल्या वर्गवारीतून आलीत. तीन बोटांची ती मेडिटरेनियन, अंगठ्याची ती मंगोलियन, आणि बाणाचं बूडच चिमटीत धरून ओढायचं ती प्रायमरी. ही शेवटची आपल्या सगळ्यांना येते, लहानपणी तिरकमठा केला तेव्हा कुणी शिकवलं होतं का, हात आपोआप तसाच जातो. पण चिमटीत जोर किती लागणार, धनुष्य जरा जड झालं की बाण बोटांतून निसटतो, मग माणसं दोरीच पकडायला शिकली.

आणि हो, आपल्याकडच्यांना अंगठ्याची गोष्ट वेगळी सांगायला नकोच. एकलव्याचा अंगठा सगळ्यांना माहीत असतो, पण महाभारतात त्याच्या पुढची ओळ आहे ती फारसं कुणी सांगत नाही. अंगठा दिल्यावर एकलव्य बोटांनी दोरी ओढायला लागला, पण त्याची पहिल्यासारखी चपळाई राहिली नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. धनुष्य मारणाऱ्या माणसानं हे वाचलं की तो जागीच थांबतो, कारण हे अगदी बरोबर आहे. अंगठ्याच्या पकडीत बाण उजवीकडून सरळ दोरीवर येतो, धनुष्याला वळसा घालून पलीकडे न्यावा लागत नाही, म्हणून ती पकड वेगवान. म्हणजे ज्यानं कुणी ही कथा रचली त्याला दोन्ही पकडी माहीत होत्या आणि त्यांतला फरकही माहीत होता.

आता तुमच्या रिंगबद्दल. झिहगीर हा तुर्कांकडून आलेला शब्द आहे, मूळ फारसी, झिह म्हणजे दोरी आणि गीर म्हणजे धरणारा. चिनी लोक बानझी म्हणतात, चीनवर राज्य केलेले मांचू लोक फर्गेतुन, कोरियन काक्जी. शाहजहानची जेडची अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, तिचे फोटो बघा, दागिना वाटतो पण आकार पूर्ण कामाचा. दोन प्रकार लक्षात ठेवा. एक तुर्की-फारसी-मोगली धाटणीची, जिला अंगठ्याच्या पोटाकडे जिभेसारखा ओठ बाहेर आलेला असतो, आणि दुसरी मांचूंची, सरळ नळीचा तुकडा कापल्यासारखी. ओठवालीत दोरी ओठामागे बसते. नळीवालीत दोरी कडेवर बसते आणि सोडायचा अंदाज वेगळा असतो. तुमच्याकडे बहुधा ओठवाली असेल.

ती बसवायची कशी ते नीट सांगतो, कारण इथेच लोक रक्तबंबाळ होतात. चांगल्या रिंगचं भोक गोल नसतं, लांबट असतं. रिंग आडवी धरून, ओठ बाजूला ठेवून अंगठ्यात घाला, सांध्यावरून पुढे ढकला आणि मग पाव वळसा फिरवा, ओठ पोटाकडे येईल. आता लांबट भोकाची अरुंद बाजू अंगठ्याच्या रुंद बाजूला अडकते आणि रिंग ओढूनही निघत नाही. फिरवल्यावरही निघत असेल तर ती मोठी आहे, आतून चामड्याची पट्टी चिकटवा. अंगठा निळा-जांभळा पडत असेल तर लहान आहे. थंडीत बोटं बारीक होतात, तेव्हा उन्हाळ्यात छान बसणारी रिंग हिवाळ्यात ढिली होते, त्यामुळे मी दोन जाडीच्या पट्ट्या सोबत ठेवतो. माझी पहिली रिंग ढिली होती, दहाव्या-बाराव्या बाणाला ती दोरीबरोबर पुढे उडाली, गवतात अर्धा तास शोधली आणि सापडली तेव्हा तिला चीर गेलेली. तेही बरंच, ती माझ्या डोळ्याकडे आली नाही.

अंगठ्याच्या पेराच्या आतल्या मऊ भागावर जोर येऊ देऊ नका, दोरी ओठाच्या मुळाशी असली पाहिजे आणि तर्जनी नखावर, अंगठ्याच्या टोकावर नाही. तर्जनीनं दोरी किंवा रिंग आवळायची नसते, तिनं फक्त दार लावून धरायचं. सोडायचं म्हणजे दार उघडायचं, बस. बाकी काम दोरी करते.

जपान्यांनी हेच काम हातमोज्यावर सोपवलंय. युगाके म्हणजे हरणाच्या कातड्याचा हातमोजा, त्यात अंगठ्याला आतून कडक साचा आणि बुडाशी एक खाच, त्या खाचेत दोरी बसते. तीन बोटांचा मित्सुगाके, चार बोटांचा योत्सुगाके. हा हातमोजा माणसाच्या हाताचा होऊन जातो, दुसऱ्याचा घालून बाण मारणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून वाचण्यासारखं. त्यांचं युमी धनुष्य नेहमीच्या मापाचं २२१ सेंटीमीटर, म्हणजे माणसापेक्षा चांगलंच उंच, आणि मूठ मध्यावर नसून खालून साधारण एक तृतीयांश उंचीवर. हे का याची बरीच उत्तरं लोक देतात, घोड्यावरून मारता यावं म्हणून वगैरे, पण हातात घेऊन ओढलं की एक गोष्ट लगेच कळते, मूठ त्या जागी असली की धक्का हाताला फार कमी बसतो. बांबू आणि लाकडाच्या पट्ट्या चिकटवून ते बनतं. क्यूदोचं, म्हणजे जपानी धनुर्विद्येचं, नेहमीचं अंतर २८ मीटर आणि लक्ष्य, ज्याला मातो म्हणतात, ते ३६ सेंटीमीटर व्यासाचं. नवशिक्याला मात्र कित्येक महिने दोन मीटरवरच्या गवताच्या भाऱ्यावर, मकीवारावर, मारायला लावतात. तुम्हीही तेच करा, लाज वाटून घेऊ नका. जवळच्या भाऱ्यावर मारताना नेमाची चिंता नसते आणि हाताकडे लक्ष जातं.

आता खतरा. मराठी माणसाला हा शब्द वाचून हसू येतं, पण इथे धोक्याशी संबंध नाही. अरबी-फारसी धनुर्विद्येच्या ग्रंथांतून आलेला हा शब्द, बाण सुटता क्षणी धनुष्याचा हात जो झटका देतो, धनुष्य पुढे झुकतं किंवा बाजूला वळतं, त्या हालचालीला खतरा म्हणतात. उपयोग काय, तर बाणाच्या वाटेतून धनुष्याचं लाकूड आणि तुमचा अंगठा किंचित बाजूला होतो आणि पिसं घासत नाहीत. व्हिडिओत लोक बाण गेल्यावर एक सेकंदानं धनुष्य असं नाटकीपणे खाली पाडतात, त्याला काही अर्थ नाही, बाण तोवर पोचलेलासुद्धा असतो. मुठीत ओढतानाच पीळ साठवलेला असेल तर सुटताना धनुष्य आपणहून वळतं. जपानी युगाएरी हीच गोष्ट आणखी पुढे नेलेली, तिथे धनुष्य मुठीत जवळजवळ पूर्ण फिरून दोरी हाताच्या बाहेरच्या बाजूला येऊन थांबते. तिथेही नवशिके मूठ ढिली सोडून मुद्दाम फिरवतात आणि शिक्षकांना ते लगेच कळतं. पहिले सहा महिने दोन्ही गोष्टी विसरा. आणि आवाजाचं म्हणाल तर जपानी लोक दोरीच्या सुटतानाच्या नादाला त्सुरुने म्हणतात, आणि आपल्याकडे टणत्कार हा शब्द तयारच आहे. संस्कृतात दोरीचं एक नावच शिंजिनी आहे, म्हणजे रुणझुणणारी. नुसत्या आवाजावरून सुटका स्वच्छ झाली की नाही हे अनुभवी कान सांगतो, हे खरंच आहे, पाठ फिरवून उभा राहिलो तरी मला विद्यार्थ्याचा फसलेला बाण कळतो.

संस्कृतचा विषय निघालाच आहे तर, अमरकोशात धनुष्याचे भाग बघा, आपण इंग्रजी शब्द घेऊन फिरतो आणि घरात सगळं पडलेलं असतं. टोकाची खाच ती अटनी, मधली मूठ ती लस्तक, दोरी म्हणजे ज्या, मौर्वी, गुण. मौर्वी का, तर मूर्वा नावाच्या वनस्पतीच्या धाग्याची. आणि डाव्या हातावर दोरीचा मार बसू नये म्हणून बांधायचं चामडं, ज्याला आज सगळे आर्म गार्ड म्हणतात, ती गोधा. गोधा म्हणजे घोरपड. बोटांना अंगुलित्राण. कौटिल्यानं तर सामानाची यादीच दिलीय, धनुष्यं ताडाची, बांबूची, लाकडाची आणि शिंगाची, आणि दोऱ्या मूर्वा, रुई, ताग, बांबू अन् स्नायूच्या. शिंगाचं ते शार्ङ्ग, विष्णूच्या धनुष्याचं नाव तेच. फारसी मार्गानं आलेले शब्द तर आपण रोज वापरतो, कमान, तीर, तिरंदाज. दाराची कमान आणि घड्याळाची कमान हे दोन्ही त्या वाकलेल्या धनुष्याचेच नातेवाईक.

शिंगाचं धनुष्य म्हणजे काय हे समजलं की तुमच्या हॉर्सबोचा आकार समजेल. धनुष्याला पाठ असते आणि पोट असतं, आणि लोक इथे हमखास उलटं समजतात: लक्ष्याकडे असते ती पाठ, तुमच्याकडे असतं ते पोट. ओढलं की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. लाकडाला दाबही सोसायचा आणि ताणही सोसायचा म्हटलं की ते लांब असावं लागतं, नाहीतर मोडतं. इंग्लिश लाँगबो त्यामुळेच माणसाएवढं किंवा जास्त उंच. त्यात गंमत अशी की यू झाडाच्या एकाच फांदीत दोन सामान मिळतात, बाहेरचं पांढुरकं लाकूड ताण छान सोसतं आणि आतलं तांबूस लाकूड दाब सोसतं, म्हणून दोन्ही थर राहतील असं कापतात. मेरी रोझ हे इंग्लिश लढाऊ जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं, त्यात शंभरावर लाँगबो आणि हजारोंनी बाण सापडले. त्या धनुष्यांचा जोर १०० पाउंडांपासून १८० च्या आसपास असावा असा अभ्यासकांचा हिशेब आहे. तुमचे ४० पाउंड ओढताना खांदा कुरकुरतोय ना, मग अंदाज घ्या.

मध्य आशियातल्या घोडेस्वारांना एवढी उंच काठी परवडणार कशी. त्यांनी कामं वाटून दिली. पोटाला म्हशीच्या किंवा रानबकऱ्याच्या शिंगाची पट्टी, कारण शिंग दाब झकास सोसतं, पाठीला जनावराच्या पायातली घोटशीर वाळवून, कुटून काढलेले धागे सरसात भिजवून थरावर थर, कारण ते ताण सोसतात, आणि मध्ये लाकडाचा पातळ गाभा. सरस बहुतेक ठिकाणी माशाच्या फुग्याचा किंवा शिरांचाच. तुर्की कारागीर असं धनुष्य बांधून, उलटं वळवून वर्षभर किंवा जास्त वाळत ठेवायचे. दोरी काढली की ते पुढच्या बाजूला वळून जवळजवळ गोल होतं, कोरियन गाकगुंग तर बिस्किटाच्या कड्यासारखं दिसतं, नवख्या माणसाला कुठून वाकवायचं ते कळतच नाही. या धनुष्याचा शत्रू म्हणजे दमट हवा, सरस ओलावा धरतो आणि थर सुटतात. म्हणून कोरियन लोक ते उबदार पेटीत ठेवतात आणि वर बर्चच्या सालीचं वेष्टण असतं. हिंदुस्थानात तर मोगल काळात चक्क पोलादी धनुष्यं बनली, कोठारात वर्षानुवर्षं पडली तरी सुटत नाहीत, जोर शिंगाच्या धनुष्याएवढा नसला तरी चालेल असा हिशेब. आणि भिल्ल लोकांचा तोडगा सगळ्यात साधा, धनुष्य बांबूचं आणि दोरीही बांबूच्या सालपट्टीची, पावसाळा आला तरी कुणाला फिकीर नाही.

सियाह म्हणजे त्या धनुष्याच्या टोकाचा न वाकणारा ताठ भाग. वाकतो तो दांडा वेगळा, त्याला तुर्कीत साल म्हणतात, आणि मूठ ती कब्जा. तरवारीचा कब्जा म्हणतो तोच शब्द. ताठ सियाह तरफेसारखं काम करतो, सुरुवातीला ओढायला जड लागतं आणि शेवटी शेवटी जोर तेवढ्या वेगानं वाढत नाही, हात स्थिर राहतो. मांचू धनुष्याचे सियाह तर भलेमोठे असतात, त्यांच्या बुडाशी दोरी टेकायला छोटा पूल लागतो. त्याचा बाण जड आणि लांब, त्यामुळे वेग कमी पण मार दणदणीत. तुर्की धनुष्य नेमकं उलटं, छोटे सियाह, हलका बाण, लांब पल्ला. इस्तंबूलच्या ओकमेयदान या धनुर्विद्येच्या मैदानावर लांब पल्ल्याच्या बाणांची आठवण म्हणून दगड उभारलेत, त्यात ८०० मीटरच्या पुढच्या नोंदी आहेत.

तुमचं धनुष्य फायबरग्लासचं आहे, त्याला दमट हवेची भीती नाही. भीती आहे ती दोरी चढवतानाची. पायात अडकवून, मांडीवर वाकवून दोरी चढवणारे व्हिडिओ भरपूर आहेत आणि मीही तसंच करायचो. एकदा पाय जरा तिरका पडला, एक सियाह पिळली गेली, दोरी खाचेतून सटकली आणि धनुष्य उलटं फिरून नडगीवर बसलं. नडगी बरी झाली, धनुष्य मात्र कायमचं वाकडं. स्ट्रिंगर नावाची दोरी वापरा किंवा दुसऱ्या माणसाला मदतीला घ्या. चढवल्यावर दोन्ही टोकांकडून डोळा लावून बघा, दोरी दांड्याच्या मधोमध जाते का. आणि बाण न लावता ओढून कधीही सोडायचं नाही, कधीच नाही, मित्राला दाखवायलासुद्धा नाही, बाणात जायची शक्ती धनुष्यातच फुटते.

फिस्टमील हा इंग्रजांचा जुना शब्द, मूठ धरून अंगठा वर उभा केला की जेवढी उंची होते तेवढं माप. मूठ धनुष्याच्या मुठीवर ठेवा, अंगठा दोरीला लागला पाहिजे, झालं ब्रेस हाइट, म्हणजे मूठ ते दोरी हे अंतर, तपासून. लाँगबोला साधारण सहा-सात इंच, युमीला १५ सेंटीमीटर. दोरी जरा पीळ दिली की आखूड होते आणि माप वाढतं, पीळ सोडला की कमी होतं. कमी ठेवलं की बाण जास्त वेळ दोरीवर राहून वेग मिळतो, पण हाताला चापट्या बसतात. तुमच्या धनुष्याच्या कंपनीनं जे माप सांगितलं असेल त्याच्या मध्यावर ठेवा आणि रोज तेच ठेवा, रोज तेच असणं जास्त महत्त्वाचं.

बाणाकडे येऊ, कारण धनुष्यावर पैसे घालून लोक बाण कसलेही घेतात आणि मग धनुष्याला शिव्या देतात. बाण सुटताना सरळ जात नाही, तो माशासारखा वळवळत धनुष्याला वळसा घालून जातो. किती वळवळायचं ते बाणाच्या काडीच्या ताठपणावर, म्हणजे स्पाइनवर. लाकडी काडी २६ इंचांवरच्या दोन टेकूंवर ठेवतात, मध्ये २ पाउंड टांगतात, जितके इंच झुकेल त्यानं २६ ला भागतात, अर्धा इंच झुकली तर स्पाइन ५२. कार्बनच्या काडीला २८ इंचांवर १.९४ पाउंड टांगतात आणि झुकाव हजारानं गुणून लिहितात, अर्धा इंच म्हणजे ५००. म्हणून लाकडात आकडा मोठा तर काडी ताठ, कार्बनमध्ये आकडा मोठा तर काडी लवचिक. हे कुणी सांगत नाही आणि पोरं उलटे बाण घेऊन येतात.

दुसरी मेख अशी की तुमच्या धनुष्यावर लिहिलेले ४० पाउंड २८ इंच ओढल्यावरचे. अंगठ्यानं ओढणारा हनुवटीपाशी थांबत नाही, कानाच्या मागे जातो, आपल्याकडे आकर्ण ओढणे म्हणतात ते शब्दशः. म्हणजे ३१ इंच धरा, आणि इंचाला दोन-तीन पाउंड वाढतात, तर तुमच्या बोटावर ४६ ते ४९ येतायत. धनुष्याची कमाल ओढ किती ते विकणाऱ्याला आधी विचारून घ्या आणि बाण ओढीपेक्षा दोन इंच तरी लांब ठेवा, टोक मुठीच्या आत आलं तर बाण हातात घुसतो. कार्बनची ५०० ची काडी घेऊन सुरुवात करा. ती डावीकडे जात असेल तर जास्त लवचिक पडतेय, उजवीकडे जात असेल तर जास्त ताठ. तीन बोटांवाल्यांच्या व्हिडिओत हे उलटं सांगतील कारण त्यांचा बाण दुसऱ्या बाजूला आहे, तेव्हा त्यांचा सल्ला घेताना डावं-उजवं बदलून घ्या.

पिसं खरीच घ्या, प्लास्टिकची पाती हातावरून मारताना धडकून बाण फेकतात. एका बाणावरची तिन्ही पिसं एकाच पंखाची हवीत, सगळी डाव्या किंवा सगळी उजव्या, मिसळली तर बाण फिरायचा कुणीकडे हे त्यालाच कळत नाही. जपान्यांनी याचीही शिस्त केलीय, एका दिशेला फिरणारा हाया आणि दुसऱ्या दिशेला फिरणारा ओतोया, जोडीनं घेऊन उभं राहायचं, हाया आधी मारायचा. आणि एक काम आजच करा: पिसाच्या पुढच्या टोकाला, जिथे देठ काडीला चिकटलेला असतो, तिथे बारीक दोरा गच्च गुंडाळून वर डिंकाचा थेंब लावा. तुमचा बाण हाताच्या अंगठ्यावरून जाणार आहे, तो देठ जरा उचकटला असेल तर ब्लेडसारखा कातडीत जातो. माझ्या डाव्या अंगठ्याच्या सांध्यावर अजून खूण आहे, पिसाचा तुकडा आत राहिला होता आणि तो चिमट्यानं काढताना मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.

आखूड बाणांचं विचारलं नाहीत पण पुढे कधीतरी भेटेलच म्हणून सांगून ठेवतो. धनुष्य पूर्ण ओढायचं पण बाण छोटा, म्हणजे हलका आणि वेगवान, आणि शत्रूला तो परत मारता येत नाही. अडचण अशी की छोटा बाण मुठीपर्यंत पोचतच नाही. कोरियन लोक फोडलेल्या बांबूची नळी बोटाला बांधून तिच्यातून मारतात, बाण प्योनजोन आणि नळी तोंगआ. अरबीत त्या नळीला मजरा आणि फारसीत नावक, हिंदीत जे नावक के तीर म्हणतात, दिसायला छोटे आणि घाव खोल, ते हेच. तुर्कांनी नळीऐवजी मनगटावर बसणारी खोबण केली, सिपर. हे प्रकार स्वतः करून बघू नका, नळी हुकली तर बाण तळहातातून जातो.

भाता पाठीवर लावू नका, वाकलं की बाण सांडतात. तुर्क, मंगोल, मोगल सगळे कमरेला लावायचे, कारण हात खाली सोडला की बाण हाताशी येतो.

आता शोभेचं काय ते. सुरुवातीला युगाके, सिपर, खतरा, लाकडी बाण यातलं काहीच लागत नाही. रिंग नीट बसवा, बाण उजवीकडे घ्या, दोन-तीन मीटरवर गवताचा भारा, दिवसाला तीस-चाळीस बाण, त्याहून जास्त नाही, कारण अंगठ्याला सवय व्हायला दोन-तीन आठवडे जातात. रिंगच्या ओठाची कड बोचत असेल तर बारीक पॉलिशपेपरनं गोल करा. तरी फोड आलाच तर फोडू नका, रिंग बाजूला ठेवा आणि तो सुकेपर्यंत बोटांवर चामड्याचा टॅब, म्हणजे राखणीचा तुकडा, घालून तीन बोटांनी मारा, फक्त त्या दिवसांत बाण परत डावीकडे न्यायला विसरू नका.